राहू द्या

दौंडला उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते
आणि ऊन चपलेतून वर येत होतं.
रिक्षावाल्याला म्हणालो, ख्रिस्ती दफनभूमी.
कुणाकडं जायचंय? असं विचारलं त्यानं, घर असल्यासारखं.
एस्तेर पारधे.
हां, नळावर भांडायच्या त्या पारधेबाई, तो म्हणाला,
चाळीस रुपये होतील.

छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलं.
नारायण पेठेतला छापखाना, जिन्याखाली टेबल,
चहाच्या कपात उभी केलेली तांबडी पेन्सिल.
बाईंची तीन पुस्तकं माझ्या हाताखालून गेली.
बाई कधी दिसल्या नाहीत. टपालानं यायच्या,
रेल्वे क्वार्टरमधल्या रॉकेलचा वास घेऊन,
एकदा पान सत्तरवर हळदीचं बोट घेऊन.

गॅलीच्या तळाशी मी मु. शो. एवढंच लिहीत असे,
मुद्रितशोधक. त्याचं त्यांनी नाव केलं.
‘अहो मुशो,
माझी रखमी नाही म्हणत नाही, न्हाई म्हणते.
तिचं तोंड धुऊ नका.’
आणि माझ्या तांबड्या रेघेखाली
निळ्या शाईची टिंबं, ओळीनं.
आमच्या धंद्यात टिंबांचा अर्थ: राहू द्या,
आधी होतं तेच ठेवा.

मी चिडायचो. शुद्धलेखनाचे अठरा नियम
मला पाढ्यांसारखे येत.
रात्री बायकोला वाचून दाखवायचो, तक्रार म्हणून.
ती हसायची, हसता हसता एका ओळीशी थांबायची
आणि पदर डोळ्याला लावायची.
ती ओळ न्हाईचीच असायची.
हे मी बाईंना कधी कळवलं नाही.
समासात तेवढी जागा नसते, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या गेल्याचं कुठल्याच पेपरात आलं नाही.
दोनशे बारा रुपयांची मानधनाची मनीऑर्डर परत आली,
वर पोस्टमनच्या अक्षरात, मयत.
छापखाना तोवर विकला होता. मालकांनी ती मला दाखवली
आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

फाटकाला कुलूप नव्हतं, तारेचा वेढा होता.
आत बाभळी, एक शेळी,
आणि राखणदार योनाची बायको
थडग्यांवर लुगडी पसरून कुरडया घालत होती.
मला बघून ओशाळली. फरशी तापते चांगली, म्हणाली,
आन् पारधेबाईंनीच सांगून ठेवलेलं,
मी मेल्यावर माझ्यावर घाल, कावळे मी हाकलीन.

मग दोघांनी दोन टोकं धरली,
ओल्या कुरडया सांभाळत लुगडं अर्धं उचललं.
खाली काळा दगड, पिठाचे पांढरे ठसे.
एस्तेर मोजेस पारधे.
प्रभूमध्ये निजली.
आणि त्याखाली, छिन्नीनं खोल कोरलेलं,
लेखीका.

दीर्घ.

माझा हात खिशात गेला. पेन्सिल होती,
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी असतेच.
दगडावर तांबडं उमटत नाही हे मला माहीत होतं
तरी टोक त्या वेलांटीवर टेकवलं,
आणि तसाच ओणवा राहिलो, किती वेळ कोण जाणे.
रेल्वेचा भोंगा झाला. शेळी खोकली.
लुगड्याचं टोक धरून ती बाई ताटकळली होती.

मी खाली बसून खडे वेचले,
हरभऱ्याएवढे, सारखे मिळेनात,
आणि त्या अक्षरांखाली ओळीनं मांडले.
एक घरंगळला. पुन्हा ठेवला.

काय झालं हो, तिनं विचारलं, काय चुकलंय का?
राहू द्या, मी म्हणालो.

तिला वाटलं, कुरडयांचं म्हणतोय.
बरं, म्हणाली, आणि लुगडं पुन्हा नीट पसरलं,
खड्यांसकट,
कोपऱ्यावर विटेचा तुकडा ठेवला.
जाताना पातेल्यातला गरम चीक दिला वाटीभर,
वर मीठ.
चमचा न्हाई, म्हणाली.
मी बोटांनी खाल्ला.